राहायचं असेल तर निघून दाखवा

यूट्यूबवर एक प्रकार आता इतका रुळलाय की त्याचे ठरलेले संकेतही तयार झालेत. पहाटेचे पाच वाजलेत, बँकॉकमधल्या एखाद्या चौकात मिनीव्हॅन उभी आहे, आत दहा-बारा गोरे चेहरे पेंगताहेत. मग चारेक तासांचा हायवे, मधे पेट्रोल पंपावर कॉफी, आणि मग अरण्यप्रथेट, म्हणजे थायलंडचं शेवटचं गाव. पलीकडे कंबोडियाचं पॉइपेट. व्लॉगर थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का घेतो, थोडं चालतो, कंबोडियात शिरल्याचा शिक्का घेतो, कॅसिनोंच्या पट्ट्यात एक चक्कर टाकतो, कंबोडियातून निघाल्याचा शिक्का घेतो आणि पुन्हा थायलंडच्या काउंटरसमोर येऊन उभा राहतो. शेवटी पासपोर्टचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं जातं. अजून तीस दिवस मिळाले! संगीत चढतं. डिस्क्रिप्शनमध्ये खर्चाचा हिशोब.

याला बॉर्डर रन म्हणतात. कुणी व्हिसा रन म्हणतं. टूरिस्ट म्हणून मिळालेले दिवस संपत आले की देशाबाहेर पाऊल टाकायचं आणि परत यायचं, की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. थायलंडच्या उत्तरेला राहणारे माए साईचा पूल ओलांडून म्यानमारमधल्या ताचिलेकला जातात, दक्षिणेतले रानोंगहून होडीने कॉथाउंगला. जॉर्जियात कित्येक देशांच्या नागरिकांना एकदम वर्षभर राहता येतं, त्यामुळे तिथले लोक वर्षातून एकदा आर्मेनियाला जाऊन जेवून येतात. युरोपच्या शेंगेन देशांत मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे मागच्या 180 दिवसांत तुम्ही 90 दिवसांपेक्षा जास्त राहिलात का, एवढंच बघतात. तुम्ही कितीदा बाहेर जाऊन आलात याला किंमत नाही. थोडक्यात, कायदा 'प्रत्येक प्रवेशामागे किती दिवस' असं मोजतो तिथे फट राहते, आणि त्या फटीत एक अख्खी जीवनपद्धती जाऊन बसते.

हे व्हिडिओ मी भरपूर बघितलेत आणि ते वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. काहींचं एडिटिंग आपल्याकडच्या सिनेमांनी शिकावं इतकं नेटकं असतं. पण त्यांची गोष्ट म्हणून चिकित्सा कुणी करत नाही, आणि ती करायला हवी असं मला वाटतं. कारण आपल्या पिढीचं प्रवासवर्णन आता इथेच घडतंय. पुलंच्या 'पूर्वरंग'ची जागा ज्यांनी घेतलीय (घेतली नाही असं म्हणणाऱ्यांनी आपापल्या फोनचा स्क्रीन टाइम बघावा), त्यांना आपण निदान वाचल्यासारखं तरी बघायला हवं.

तसं बघितलं की पहिली गोष्ट खटकते ती अशी, की या गोष्टीत काउंटरपलीकडचा माणूस नसतो. इमिग्रेशनच्या हॉलमध्ये शूटिंगला बंदी असते, त्यामुळे कॅमेरा बंद होतो आणि थेट शिक्क्यावर उघडतो. ही अडचण समजण्यासारखी आहे. पण त्या कटमध्ये अख्खं नाट्य गळून पडतं. कारण नाट्य आहे ते त्या दोन मिनिटांतच: समोरचा अधिकारी पानं उलटतो, एकाच नाक्याचे सहा शिक्के बघतो आणि विचारतो, 'तुम्ही इथे नक्की काय करता?' खरं उत्तर असतं, 'मी इथे राहतो.' द्यायचं उत्तर असतं, 'फिरायला आलोय.' दोघांनाही दोन्ही उत्तरं माहीत असतात.

थायलंडने गेल्या वीस वर्षांत या प्रश्नावर जितक्यांदा कूस बदललीय त्यावरूनच कळतं की ही नुसती 'ट्रिक' नाही. 2006 साली सहा महिन्यांत 90 दिवसांची मर्यादा आली. 2008च्या अखेरीस जमिनीवरून येणाऱ्यांचे 30 दिवस कापून 15 केले गेले. 2014मध्ये सारखे रन करणाऱ्यांना नाक्यावरून परत पाठवायला सुरुवात झाली. 2016च्या अखेरीस ठरलं की व्हिसाशिवाय जमिनीवरून वर्षात दोनदाच आत यायचं. मग कोविडने पर्यटन झोपवलं आणि जुलै 2024मध्ये 93 देशांच्या नागरिकांना एकदम 60 दिवस मिळाले. पर्यटकांचे पैसे हवेत, पण पर्यटक म्हणून राहून जाणारे नकोत, या दोन इच्छांमध्ये झुलणारं एक राज्य यात दिसतं. व्लॉगमध्ये मात्र नियम हा हवामानासारखा असतो. पाऊस आला, छत्री उघडा.

त्या 93 देशांत भारत आहे. त्याआधी नोव्हेंबर 2023मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय 30 दिवस मिळायला लागले. त्याच्याही आधी आपल्याला बँकॉकला उतरून पैसे भरून पंधरा दिवसांचा व्हिसा मिळायचा. म्हणजे हा सगळा प्रकार ज्या वर्षांत घडला, त्या वर्षांत तो आपल्या पासपोर्टसाठी नव्हताच. आपण बघत होतो ती दुसऱ्यांची गंमत होती. आता मराठी चॅनेलांवरही 'व्हिसा-फ्री' हे शब्द लाल अक्षरांत झळकतात आणि त्यात एक आनंद असतो, जो मला मनापासून कळतो. रांगेत कागदांची फाइल छातीशी धरून उभं राहिलेल्या घरांतली ही मुलं आहेत. पण गोष्ट सांगायची पद्धत उसनी आहे. आवाज मराठी, नजर त्या मिनीव्हॅनमधल्या पेंगणाऱ्या माणसाची. ज्याला परत पाठवलं जाण्याची भीती कधी शिकावी लागली नाही, त्याच्या नजरेतून आपण का सांगतोय?

दुसरी नजर उपलब्ध नाही असं नाही. शंभर वर्षांपूर्वी, 1926 साली, बी. ट्रॅव्हन या नावाने लिहिणाऱ्या माणसाची 'दास टोटेनशिफ' ही जर्मन कादंबरी आली. (हा ट्रॅव्हन नक्की कोण, यावर अभ्यासक अनेक दशकं भांडले. कागदांवरच्या कादंबरीला लेखकही कागदांत न सापडणारा मिळावा, हे बरंच झालं.) तिचा नायक गेल्स हा अमेरिकन खलाशी. अँटवर्पमध्ये एक रात्र किनाऱ्यावर घालवतो, परत येतो तर जहाज निघून गेलेलं आणि त्याचं खलाशी असल्याचं कार्ड जहाजावर. बेल्जियमचे पोलिस त्याला रात्रीच्या अंधारात गुपचूप हॉलंडच्या हद्दीत सोडून येतात. हॉलंडचे पोलिस त्याला परत बेल्जियमच्या हद्दीत सोडतात. हासुद्धा बॉर्डर रनच आहे, फक्त त्यात पळणारं राज्य आहे आणि माणूस म्हणजे पासपोर्ट नसलेलं पार्सल. पुढे अमेरिकेच्याच कॉन्सुलसमोर त्याला आपण जन्मलो आहोत हे पटवून देता येत नाही. शेवटी कागद न विचारणारी एकच जागा त्याला मिळते: विम्यासाठी बुडवायचं ठरलेलं एक जहाज.

ट्रॅव्हनचं वैशिष्ट्य असं की तो हे सगळं हसत सांगतो. त्याचे पोलिस दुष्ट नाहीत. ते त्याला जेवू घालतात, सिगारेटला पैसे देतात आणि मग शेजारच्या देशात टाकून येतात. पहिला तृतीयांश भाग वाचताना मला वारंवार वाटलं की हे फार्स म्हणून रंगमंचावर यायला हवं. जहाजावरचा पुढचा भाग मात्र लांबलाय. कोळशाच्या भट्टीचं वर्णन तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी पानं भरभर उलटली, हे सांगायला हरकत नाही.

पण या विषयावरचं माझ्या मते सर्वांत मोठं पुस्तक म्हणजे आना सेगर्सची 'ट्रान्झिट'. सेगर्स ज्यू, कम्युनिस्ट आणि जर्मन, म्हणजे 1940च्या फ्रान्समध्ये तिन्ही बाजूंनी अडचणीत. मार्च 1941मध्ये ती मार्सेहून एका बोटीतून निसटली. त्याच बोटीवर क्लोद लेव्ही-स्ट्रॉस आणि आंद्रे ब्रतों हेही होते. पुढे ती मेक्सिकोला पोचली. 'ट्रान्झिट' 1944 साली आधी इंग्रजी आणि स्पॅनिश भाषांतरात छापून आली. मूळ जर्मन पुस्तकाला 1948पर्यंत थांबावं लागलं. पुस्तकालाही आपल्या देशाचा व्हिसा उशिरा मिळाला म्हणायचा.

गोष्ट अशी. छळछावणीतून पळालेला एक जर्मन तरुण मार्सेला पोचतो. त्याच्याकडे वायडेल नावाच्या, आत्महत्या केलेल्या एका लेखकाचे कागद आहेत. मेक्सिकोच्या कॉन्सुलेटमध्ये त्यालाच वायडेल समजतात आणि तो ते समजू देतो. आता त्याला देश सोडता येतो, पण सोडायचा नाहीये. त्याला इथेच राहायचंय. आणि मार्सेमध्ये नियम असा आहे की राहायची परवानगी त्यालाच मिळते जो आपण निघून जाणार आहोत हे सिद्ध करू शकतो. राहायचं असेल तर जायची तयारी दाखवा. बँकॉकच्या मिनीव्हॅनमधल्या माणसाचं कोडं हेच आहे, फक्त त्याला ते कोडं आहे हे कळलेलं नाही.

जाणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. जायला आधी पोचायच्या देशाचा व्हिसा लागतो. तो मिळाला की वाटेतल्या देशांचा ट्रान्झिट व्हिसा. तो मिळाला की फ्रान्समधून बाहेर पडायचा परवाना. आणि बोटीचं तिकीट. प्रत्येकाला मुदत आहे, आणि चौथा कागद मिळेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असते. महाराष्ट्रात ज्यांनी ॲडमिशनच्या हंगामात सेतू केंद्राच्या चकरा मारल्यात, नॉन-क्रीमीलेअरची मुदत आणि व्हॅलिडिटीची पावती यांची सांगड घालत रात्री जागवल्यात, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. प्रमाण वेगळं आहे, तिथे जीव जायचा, इथे वर्ष जातं. पण वाचताना पोटात जो गोळा येतो तो ओळखीचा आहे.

सेगर्स या रांगांमधून माणसं काढते. एका बाईकडे दोन मोठी कुत्री आहेत. ती कुत्री तिची नाहीत, अमेरिकन मालकांची आहेत. ती त्यांना जिवापाड जपते, कारण कुत्री अमेरिकेला पोचवायच्या बोलीवरच मालक तिच्या व्हिसासाठी जामीन राहणार आहेत. एक म्हातारा संगीतदिग्दर्शक सतत कागद आणि फोटो मोजत असतो आणि ऐन कागद जुळायच्या वेळी मरतो. यातलं काहीही ओरडून सांगितलेलं नाही. निवेदक पिझ्झेरियात बसून, भट्टीतल्या आगीकडे बघत, समोरच्या अनोळखी माणसाला हे ऐकवतोय. मधूनच विचारतो, कंटाळलात का? पळून आलेल्यांच्या गोष्टींचा जगाला कंटाळा येतो, हे 1940च्या दशकातल्या लेखिकेला पक्कं माहीत होतं.

यावर क्रिस्टियान पेट्झोल्डने 2018 साली सिनेमा केला. त्याने एक धाडस केलं: गोष्ट तीच ठेवली, पण मार्से आजचं. रस्त्यावर आजच्या गाड्या, आजच्या वेषातले पोलिस, आणि तोंडी मात्र ट्रान्झिट आणि बोटींची भाषा. पहिली दहा मिनिटं गोंधळायला होतं, मग लक्षात येतं की गोंधळणं हाच हेतू आहे. कुणाचे कागद तपासले जाताहेत आणि कुणाचे नाही, हे कुठल्या सालात चाललंय ते सांगता येत नाही. फ्रान्झ रोगोव्स्कीचा चेहरा या भूमिकेसाठीच घडवलाय की काय असं वाटतं. तरी माझी एक तक्रार आहे. कादंबरीत निवेदक स्वतः बोलतो, त्यामुळे त्याच्या खोटेपणाचा भार आपल्यावर येतो. सिनेमात गोष्ट एक बारवाला सांगतो. बारवाल्याचा आवाज सुंदर आहे, पण त्याला कुणी पासपोर्ट विचारत नाही. इथे सिनेमा जरा जास्तच देखणा आणि सुरक्षित होतो.

स्पीलबर्गचा 'द टर्मिनल' (2004) तुम्ही टीव्हीवर कधीतरी बघितलाच असेल. टॉम हँक्सचा व्हिक्टर, त्याचा क्राकोझिया हा काल्पनिक देश, आणि विमानतळावर काढलेले महिने. गोड सिनेमा आहे, आणि गोडपणातच त्याचा घोटाळा आहे. नियमाची सगळी क्रूरता त्याने एका खडूस अधिकाऱ्यात कोंबली, म्हणजे अधिकारी हरला की नियमही हरला असं वाटतं. पण त्यात एक पात्र आहे जे आपण नीट बघतच नाही: फरशी पुसणारा गुप्ता, म्हणजे कुमार पल्लाना. भारतात पोलिसावर हल्ला करून अमेरिकेत पळालेला, वीसेक वर्षं मान खाली घालून जगणारा. व्हिक्टरला जाता यावं म्हणून हा माणूस हातात पोछा घेऊन धावपट्टीवर विमानासमोर जाऊन उभा राहतो. व्हिक्टर न्यूयॉर्क बघून घरी जातो. गुप्ताचं काय झालं ते बघायला कॅमेरा थांबत नाही. मला त्याचा सिनेमा हवा होता.

गुप्ताच्या जातकुळीचे बॉर्डर रन आपल्याकडे होते आणि आहेत, फक्त ते बँकॉकला नाही, आखातात. दुबईला व्हिजिट व्हिसावर जायचं, नोकरी शोधायची, मुदत संपत आली की देशाबाहेर पडायचं आणि नवा व्हिसा आला की परत यायचं. बाहेर म्हणजे ओमानची हद्द, किंवा इराणचं किश बेट. किशला उतरायला व्हिसा लागत नाही, म्हणून तिथल्या स्वस्त हॉटेलांत भारतीय, पाकिस्तानी, फिलिपिनो माणसं नव्या व्हिसाची वाट बघत दिवस काढायची. कधी चार दिवस, कधी खिशातले पैसे संपेपर्यंत. 10 फेब्रुवारी 2004ला किशहून शारजाला येणारं किश एअरचं विमान उतरता उतरता कोसळलं. 46 पैकी 43 जण गेले. त्यात भारतीय कामगार होते. ती बातमी विमान अपघाताची म्हणून छापली गेली. त्या विमानात माणसं का बसली होती, ही दुसरी बातमी होती.

दीपक उन्नीकृष्णन हा अबूधाबीत वाढलेला मल्याळी लेखक. त्याच्या 'टेम्पररी पीपल' (2017) या पुस्तकात एक चिमुकली कथा आहे. लेबर कॅम्पमधला एक कामगार पासपोर्ट गिळतो आणि स्वतःच पासपोर्ट होतो. दुसरा बॅग गिळतो आणि बॅग होतो. तिसरा त्या दोघांना घेऊन पळतो. वाचायला काही मिनिटं लागतात. व्हिसावर जगणाऱ्या माणसाचं शरीर आणि त्याचा कागद यांतलं अंतर कसं संपत जातं, हे इतक्या कमी जागेत मी दुसरीकडे वाचलेलं नाही. संग्रह सगळा सारखा नाही. काही कथा भाषेच्या कसरतीतच रमतात. पण मल्याळीत बेन्यामिनचं 'आडुजीवितम' आहे, त्यावर 2024मध्ये ब्लेसीचा सिनेमा आला, म्हणजे केरळने आपल्या आखाताची गोष्ट सांगायला घेतलीय. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून तितकीच वर्षं माणसं आखातात जाताहेत. तिथल्या घरांवर त्या पैशांचा रंग दिसतो, लग्नाच्या तारखा सुट्टीच्या कागदावर ठरतात. आणि मराठी कथा अजून मुंबई-पुण्याहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानाच्या खिडकीतच बसलीय. त्या गावांतली मुलं रील्स बनवतात. त्यांतल्या एकाने बापाला किशबद्दल विचारावं, कॅमेरा चालू ठेवून.

आता उलट बाजूही बघायला हवी, कारण काउंटरवरच्या माणसाचा संशय नेहमीच खुळा नसतो. गोव्यात हणजुणे-हरमलला वर्षानुवर्षं राहणारे परदेशी लोक मुदत संपली की काठमांडूला किंवा कोलंबोला जाऊन यायचे. 2009 साली डेव्हिड हेडली शिकागोत पकडला गेला. हा माणूस मुंबईत पुन्हा पुन्हा येऊन हल्ल्याच्या जागा टिपून गेला होता, आणि त्याने बुरखा घेतला होता तो इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्या ऑफिसचा. यानंतर भारताने नियम केला की टूरिस्ट व्हिसावर एकदा बाहेर गेलात की दोन महिने परत यायचं नाही. गोव्याचे रन एका फटक्यात बंद पडले. नेपाळला जोडून भारत बघायला आलेले साधे प्रवासीही त्यात भरडले गेले. 2012च्या अखेरीस बहुतेक देशांसाठी नियम सैल झाला. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान, इराण अशा काही देशांच्या नागरिकांसाठी तो तसाच राहिला. ज्या कादंबरीत हा अधिकारीसुद्धा पात्र असेल, ज्याला हेडली आठवतो आणि समोर जर्बेराच्या फुलांचा शर्ट घातलेला निरुपद्रवी म्हातारा दिसतो, ती मला वाचायचीय. सेगर्सच्या कॉन्सुलांना निदान चेहरे तरी आहेत.

जून 2025पासून थायलंड-कंबोडियाच्या भांडणात जमिनीवरचे नाके बंद झाले, जुलैमध्ये तोफा चालल्या. चॅनेलांनी लगेच नवे व्हिडिओ टाकले: आता लाओसला जा, मलेशियाला जा. जुन्या पॉइपेट व्हिडिओंत एक दृश्य जवळजवळ प्रत्येकात असायचं. व्लॉगर सीमेकडे चालतोय आणि शेजारून कंबोडियन माणसं हातगाड्या ओढत उलट दिशेने, अरण्यप्रथेटच्या रोंग क्लुआ बाजाराकडे चाललीत. ती त्या सीमेवरून रोज जा-ये करायची, कामासाठी. गाडीवर माणसाच्या उंचीच्या दुप्पट माल. दृश्य दोन-तीन सेकंदांचं असायचं, त्यावर संगीत, आणि मग शिक्का.